मेट्रोचा ताळेबंद आणि शहराचा हिशोब: एफआयआरआर आणि ईआयआरआर

कुठल्याही मेट्रोचा डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, उघडला की शेवटाकडे दोन प्रकरणं भेटतात. एक वित्तीय विश्लेषणाचं, दुसरं आर्थिक विश्लेषणाचं. पहिल्यातून एफआयआरआर (फायनान्शियल इंटर्नल रेट ऑफ रिटर्न, म्हणजे कंपनीच्या पैशावरचा परतावा) नावाचा आकडा निघतो, दुसऱ्यातून ईआयआरआर (इकॉनॉमिक इंटर्नल रेट ऑफ रिटर्न, म्हणजे सगळ्या समाजाला मिळणारा परतावा) नावाचा. दोन्ही टक्केवारीत असतात, दोन्हींना परताव्याचा दरच म्हणतात, त्यामुळे बातम्यांत आणि भाषणांत ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. 'मेट्रो तोट्यात आहे, कशाला हवी?' असं विचारणारा पहिल्याबद्दल बोलत असतो, तर 'मेट्रोने शहराचा फायदाच होतो' म्हणणारा दुसऱ्याबद्दल. वाद तासभर चालतो आणि दोघांपैकी कुणीच दुसऱ्याच्या मुद्द्याला हात लावलेला नसतो.

एफआयआरआर समजायला सोपा आहे. मेट्रो कंपनीच्या तिजोरीतून काय गेलं आणि तिजोरीत काय आलं, एवढंच पाहायचं. बांधकाम, जागा, डबे, सिग्नल यंत्रणा, पुढे वीज, पगार, देखभाल, काही वर्षांनी डब्यांची बदली हा सगळा खर्च. तिकीट, जाहिराती, स्थानकातली भाड्याने दिलेली दुकानं, स्थानकाला नाव देण्याचे हक्क, मोकळ्या जागांचा विकास ही कमाई. हा जमाखर्च पंचवीस-तीस वर्षांचा मांडला की गुंतवलेल्या पैशावर वर्षाला किती टक्के सुटतात ते कळतं. तिजोरीत न आलेला रुपया या हिशोबात नाही.

ईआयआरआरमध्ये मात्र सगळं शहर एकच घर समजून हिशोब मांडतात. घरातल्या एकाने दुसऱ्याला पैसे दिले तर घर श्रीमंत होत नाही, तसंच इथे. म्हणून सिमेंट-पोलादावरचा कर खर्चातून वगळतात, कारण तो सरकारच्याच खिशात परत जातो. आणि ज्या गोष्टीने बहुतेक लोक चकित होतात ती ही: तिकिटाचं उत्पन्न या हिशोबात फायदा म्हणून धरतच नाहीत. प्रवाशाच्या खिशातून कंपनीच्या गल्ल्यात गेलेले पंचवीस रुपये म्हणजे नुसती देवघेव. फायदा कोणता, तर वाचलेला वेळ, वाचलेलं इंधन, गाडीची टळलेली झीज, कमी झालेले अपघात, कमी झालेला धूर. शिवाय रस्ता थोडा मोकळा झाल्यामुळे मेट्रोत कधीच न बसणाऱ्या बस-रिक्षावाल्यांचाही जो वेळ वाचतो, तोही.

हे आकड्यांत बघू. आकडे माझे, सोयीसाठी घेतलेले. समजा एका मार्गावर रोज एक लाख माणसं जाऊन-येऊन प्रवास करतात, वर्षाचे 300 दिवस. एकेरी तिकीट 25 रुपये. म्हणजे माणशी वर्षाला 15,000 रुपये आणि कंपनीचं तिकीट उत्पन्न 150 कोटी. आता दाराबाहेर पडल्यापासून कामाच्या जागी पोहोचेपर्यंत प्रत्येकाची एका एकेरी फेरीत 20 मिनिटं वाचतात असं धरू. वर्षाचे झाले 200 तास. तासाची किंमत 100 रुपये धरली तर एक लाख माणसांच्या वेळेचीच किंमत 200 कोटी होते. कंपनीच्या वहीत 150, शहराच्या वहीत 200, आणि या दोन रकमांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. त्यांची बेरीजही करायची नाही.

आता तिकीट 35 रुपये करा. समजा त्यामुळे चौथा हिस्सा प्रवासी पुन्हा दुचाकीकडे वळले. उरलेल्या 75 हजारांकडून कंपनीला मिळतात 157.5 कोटी, म्हणजे आधीपेक्षा साडेसात कोटी जास्त. व्यवस्थापन म्हणेल, दरवाढ यशस्वी. शहराच्या वहीत मात्र वेळेची किंमत 200 वरून 150 कोटींवर आलेली असते. एकाच निर्णयाने एक आकडा वर गेला आणि दुसरा खाली. बेंगळुरूत फेब्रुवारी 2025 मध्ये कमाल भाडं 60 वरून 90 रुपये झालं तेव्हा प्रवासी घटले आणि त्यावरून मोठी ओरड झाली, ती नेमकी याच जागची. दिल्लीत 2017 च्या दरवाढीनंतरही हेच दिसलं होतं.

याच उदाहरणात आणखी एक बदल करून पाहू, कारण माझ्या मते खरी गोम इथे आहे. तिकीट 25 च ठेवा, प्रवासीही तेवढेच ठेवा. फक्त स्थानकातून उतरल्यावर फीडर बस, म्हणजे स्थानकापासून पुढे ने-आण करणारी बस, वेळेवर येत नाही, फुटपाथ अर्धवट खोदलेला आहे, रस्ता ओलांडायला लांबचा वळसा पडतो, म्हणून प्रत्येक फेरीत 12 मिनिटं जास्त जातात. वाचणारी मिनिटं 20 वरून 8 झाली. शहराचा फायदा 200 कोटींवरून 80 कोटींवर घसरला. कंपनीच्या वहीत? तिथे अजून 150 कोटीच. मेट्रो कंपनी फुटपाथबद्दल उदासीन का वाटते याचं बरंचसं उत्तर इथे आहे. तो प्रवासी कंटाळून मेट्रो सोडेपर्यंत तिच्या ताळेबंदाला त्या 12 मिनिटांचा पत्ताच नसतो.

परताव्याच्या या दोन दरांची अदलाबदल होण्यामागे एक सरकारी निर्णयही आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2017 मध्ये मेट्रो रेल्वे धोरण मंजूर केलं. त्याआधी मेट्रोला मंजुरी मिळायला एफआयआरआर किमान 8 टक्के लागायचा. नव्या धोरणाने ती कसोटी बदलून ईआयआरआर 14 टक्के केली. अनेकांनी हे '8 वरून 14, म्हणजे नियम कडक झाले' असं वाचलं. काहींनी उलट, 'आता कमाईची अटच काढली' असं. दोन्ही वाचनं घसरतात, कारण 8 आणि 14 एका मापाने मोजलेले नाहीत. किलोची तुलना मीटरशी होत नाही.

एका बाबतीत मात्र 14 टक्क्यांची कसोटी फार कठोर आहे, ती म्हणजे उशीर. 14 टक्के दराने पाहिलं तर पाच वर्षांनी मिळणाऱ्या 100 रुपयांच्या फायद्याची आजची किंमत सुमारे 52 रुपये उरते, कारण आज 52 रुपये 14 टक्क्यांनी गुंतवले तरी पाच वर्षांनी त्यांचे 100 होतात. 8 टक्क्यांनी ती 68 असते. मुंबईची मेट्रो-3 पाहा. 33.5 किलोमीटर, 27 स्थानकं, मूळ खर्च 23,136 कोटी. कारशेडचा वाद, भुयारीकरणातल्या अडचणी, कोविड असं सगळं होत खर्च 37 हजार कोटींवर गेला. आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) हा पहिला टप्पा ऑक्टोबर 2024 मध्ये आणि कफ परेडपर्यंतची पूर्ण मार्गिका ऑक्टोबर 2025 मध्ये सुरू झाली. खर्च वाढल्याची चर्चा भरपूर झाली. पण लाखो लोकांचे वाचायचे तास काही वर्षं उशिरा वाचायला लागले, याची किंमत कुणी काढताना दिसलं नाही. शहराच्या वहीत हे नुकसान खर्चवाढीइतकंच खरं आहे.

मग पैसा कोण देतो? 2017 च्या धोरणात केंद्राच्या मदतीचे तीन रस्ते आहेत: केंद्र आणि राज्याचं समान भागभांडवल, केंद्राकडून प्रकल्पखर्चाच्या 10 टक्के एकरकमी अनुदान, किंवा खासगी भागीदारी आणि तिला व्यवहार्यता तूट निधी, ज्याला सगळे व्हीजीएफ म्हणतात. हा तिसरा रस्ता आपल्या दोन दरांमधलं अंतर उघड दाखवतो. खासगी कंपनी एफआयआरआरच पाहणार, तो तिचा धर्मच आहे. प्रकल्प शहराच्या फायद्याचा आहे, पण तिकिटातून कंपनीला पुरेसं सुटत नाही, अशा वेळी मधली तूट सरकार भरून काढतं. केंद्र 20 टक्क्यांपर्यंत आणि राज्य आणखी 20 टक्क्यांपर्यंत देऊ शकतं. पुण्यातली हिंजवडी ते शिवाजीनगर ही तिसरी मार्गिका पीएमआरडीएने, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, याच पद्धतीने टाटा-सीमेन्सकडे 35 वर्षांसाठी दिली. त्याच शहरातल्या पहिल्या दोन मार्गिका महामेट्रोच्या, म्हणजे केंद्र-राज्याच्या समान भागीदारीतल्या, आणि त्यांना युरोपियन गुंतवणूक बँक आणि फ्रान्सच्या एएफडी या विकास संस्थेचं कर्ज. प्रवाशाला सिव्हिल कोर्टला नुसता जिना बदलायचा असेल, पण त्या जिन्याच्या दोन टोकांना दोन वेगळे हिशोब आहेत.

खासगी मेट्रोचा आपल्याकडचा अनुभव या फरकाचा सगळ्यात चांगला पुरावा आहे. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो जून 2014 मध्ये सुरू झाली. गर्दीच्या वेळी घाटकोपरला तिचे डबे खच्चून भरलेले असतात. पूर्वी रस्त्याने जो प्रवास घामटा काढायचा तो आता वीस-बावीस मिनिटांत होतो. शहराच्या वहीत याहून चांगली मार्गिका शोधून सापडणार नाही. आणि तरीही करारातलं 9 ते 13 रुपयांचं भाडं की कंपनीने मागितलेलं वाढीव भाडं यावरून वर्षानुवर्षं कोर्टबाजी झाली आणि कंपनी कर्जाखाली राहिली. दिल्लीची विमानतळ मार्गिका 2013 मध्ये खासगी कंपनीने सोडली, दिल्ली मेट्रोने ती चालवायला घेतली. हैदराबादचं 69 किलोमीटरचं जाळं उभारणाऱ्या एल अँड टीने बाहेर पडायचं ठरवलं आणि 2025 मध्ये तेलंगण सरकारने ते ताब्यात घेण्याची तयारी दाखवली. या मार्गिका रिकाम्या धावतात म्हणून असं झालं नाही. वाचलेल्या तासांवर तिकीट लावता येत नाही म्हणून झालं.

ते तास थोडेफार पैशात आणायची एक वाट आहे, आणि महाराष्ट्राने ती धरली आहे. एप्रिल 2022 पासून मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर इथल्या मालमत्तेच्या दस्तांवर 1 टक्का मेट्रो अधिभार आहे. मेट्रोमुळे घराची किंमत वाढली, तर त्यातला थोडा वाटा परत मेट्रोकडे यावा हा विचार मला रास्त वाटतो. (अर्थशास्त्राचा एक बारकावा इथे लक्षात ठेवण्यासारखा: जमिनीचे वाढलेले भाव ईआयआरआरमध्ये वेगळा फायदा म्हणून जोडायचे नसतात. तिथे राहून वेळ वाचतो म्हणूनच भाव वाढतो, त्यामुळे तोच फायदा दोनदा मोजला जातो.)

'मेट्रो नफ्यात आली' या बातमीबद्दलही दोन शब्द. तिथे बहुतेक वेळा अर्थ एवढाच असतो की रोजचं उत्पन्न रोजच्या वीज-पगार-देखभालीपेक्षा जास्त झालं. कर्जाचं व्याज आणि घसारा त्यात नसतो. तो एफआयआरआर नव्हे आणि ईआयआरआर तर नव्हेच.

आता प्रवासीसंख्या. 'मेट्रो ही सार्वजनिक सेवा आहे, तिला नफ्यातोट्यात मोजू नका' हे वाक्य मला मान्य आहे. पण ते रिकाम्या गाड्यांची ढाल म्हणून वापरलं जातं तेव्हा नाही. ईआयआरआरमधला जवळजवळ प्रत्येक रुपया कुणीतरी मेट्रोत बसल्यामुळेच तयार होतो. प्रवासी नाही, तर वाचलेला वेळ नाही, वाचलेलं पेट्रोल नाही, मोकळा झालेला रस्ताही नाही. म्हणजे डीपीआरमधला प्रवाशांचा अंदाज फुगवलेला असेल, तर दोन्ही आकडे एकदमच खोटे ठरतात. मेट्रो-3 च्या नियोजनात 2021 साठी रोज सुमारे 13.9 लाख प्रवासी धरले होते. पूर्ण मार्गिका सुरू झाल्यावर सुरुवातीच्या महिन्यांतली संख्या त्याच्या आसपासही नव्हती. जाळं जोडलं जाईल तशी ती वाढेल हे खरंच आहे. पुण्यात वनाज ते गरवारे आणि पिंपरी ते फुगेवाडी हे दोन तुकडे 2022 मध्ये सुटेसुटे धावत होते तेव्हा जेमतेम प्रवासी होते, आणि ऑगस्ट 2023 मध्ये ते सिव्हिल कोर्टला जोडले गेल्यावर संख्या झपाट्याने चढली. पण डीपीआरने त्या-त्या वर्षासाठी मांडलेला फायदा मधल्या वर्षांत मिळालेला नसतो.

आणि प्रवासीसंख्या म्हणजे नेमकं काय मोजलं, हेही पाहावं लागतं. दिल्ली मेट्रोचा 8 ऑगस्ट 2025 चा विक्रम 81.87 लाखांचा आहे. पण तिथे प्रवाशाने वापरलेल्या मार्गिका मोजतात. दोनदा गाडी बदलून तीन मार्गिकांवरून गेलेला माणूस तीन वेळा मोजला जातो. कोणत्या मार्गिकेवर किती भार पडतो हे कळायला ही पद्धत योग्यच आहे. पण त्या माणसाने तिकीट एकच काढलं, म्हणून एफआयआरआरसाठी तो एक. वेळही घर ते कामाची जागा असा एकदाच वाचला, म्हणून ईआयआरआरसाठीही तो एकच. दुसऱ्या शहराची संख्या वेगळ्या रीतीने मोजलेली असेल तर तिची दिल्लीशी तुलना करून कुणालाच नापास करता येत नाही.

2017 चं धोरण स्थानकांच्या दोन्ही बाजूंना पाच किलोमीटरपर्यंतच्या फीडर सेवेचा आराखडा मागतं, पर्यायी साधनांची तुलना मागतं, शहरासाठी एकात्मिक वाहतूक प्राधिकरण मागतं. हे सगळं मंजुरीच्या वेळी. मंजुरीनंतर पाच-सात वर्षांनी ईआयआरआर प्रत्यक्ष प्रवासीसंख्येवरून पुन्हा काढून लोकांपुढे ठेवावा, अशी माझी मागणी आहे. निदान प्रत्येक स्थानकाचा डीपीआरमधला अंदाज आणि प्रत्यक्ष चढलेले-उतरलेले प्रवासी एका तक्त्यात शेजारी-शेजारी छापावेत. स्वयंचलित गेट हे आकडे रोज गोळा करतातच, आणि डीपीआरमधला रकाना तर कधीचा भरलेला आहे.