एक वाटी म्हणजे नक्की किती कॅलरी?

"एक वाटी म्हणजे इतक्या कॅलरी" असे तक्ते वर्षानुवर्षं फॉरवर्ड होत आहेत. पण वाटी मोजते जागा, आणि कॅलरी ठरतात वजनावर.

दाण्याचं कूट घ्या, १०० ग्रॅमला साधारण ५७० कॅलरी. काट्यावर रिकामी वाटी ठेवून आकडा शून्य करा, कूट सैलसर भरा, वजन बघा. आता वाटी आपटून, दाबून पुन्हा काठोकाठ भरा. वाटी तीच, ग्रॅम वाढलेले. (शिवाय घरोघरी वाट्या वेगळ्याच!)

भाताचं निराळं: १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ३५० कॅलरी, तेवढ्याच शिजलेल्या भातात १३० च्या आसपास, कारण त्यात पाणी. तक्ता कशाचा आहे, ते आधी बघा.

तेल मापाने चालतं: १५ मिलीचा चमचा, सुमारे १२० कॅलरी. फोडणीत बाटलीतून थेट ओतलं, तर मात्र नुसताच अंदाज.