धबधबा, वीज आणि पर्यटक : नॉर्वेच्या नव्या आकर्षणांची पार्श्वभूमी

मे २०२४ मध्ये नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावरील क्रिस्टियानसान या शहरात ‘कुन्स्टसिलो’ हे कलासंग्रहालय खुले झाले. बंदराच्या धक्क्यावर १९३५ साली धान्य साठवण्यासाठी बांधलेल्या काँक्रीटच्या उंच कोठारांचे पोट कापून, आतल्या नळकांड्या वरपर्यंत दिसतील अशा रीतीने हे संग्रहालय घडवण्यात आले आहे. नॉर्वेत अलीकडे गाजलेली आकर्षणे एकेक करून तपासली, तर त्यांतील बरीचशी मुळात पर्यटकांसाठी बांधलेलीच नव्हती असे दिसते. कुठे धान्याचे कोठार होते, कुठे वीजगृह, कुठे टपालाच्या बोटीचा मार्ग, कुठे जस्ताची खाण, तर कुठे लष्कराने गुप्तपणे खोदलेला बोगदा. डोंगर, बर्फ आणि फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत खोलवर शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या शाखा, यांनी तुकडे पाडलेल्या देशात माणसांनी पोटापाण्यासाठी जे उभारले, तेच पुढे पाहण्याजोगे ठरले. जाहिरातींमध्ये फक्त निसर्ग दिसतो, त्यामुळे ही बाजू सहसा झाकली जाते.

निसर्ग पाहण्यासाठी लोक तिथे पूर्वीपासून येत, हे मात्र खरे. फ्रान्चेस्को नेग्री हा इटालियन धर्मगुरू १६६४ साली युरोपच्या उत्तर टोकाला, नोर्डकाप या ३०७ मीटर उंचीच्या कड्यावर, केवळ कुतूहलापोटी पोहोचला. त्याला तिथला पहिला पर्यटक मानण्याची प्रथा आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज उमराव सामन माशांच्या शिकारीसाठी पश्चिमेकडील नद्यांवर उन्हाळे घालवू लागले. १८७३ मध्ये राजा दुसरा ऑस्कर नोर्डकापला गेला आणि दोनच वर्षांनी थॉमस कुकच्या कंपनीने मध्यरात्रीचा सूर्य दाखवण्यासाठी तिथे पहिली सहल नेली. जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म १८८९ पासून जवळपास दर उन्हाळ्यात आपल्या नौकेतून फ्योर्डमध्ये येत असे आणि जुलै १९१४ मध्ये महायुद्धाचे ढग दाटले तेव्हाही तो तिथेच होता. ही सारी मंडळी पैसेवाली होती. सामान्य नॉर्वेजियन माणसाच्या वाट्याला त्यांच्या घोडागाडीचा लगाम, होडीचे वल्हे किंवा हॉटेलातली चाकरी येई.

स्थानिकांनी आपला देश स्वतः पायी पाहावा, या विचाराने २१ जानेवारी १८६८ रोजी बँकर थॉमस हेफ्त्ये यांच्या पुढाकाराने नॉर्वेजियन पर्यटन संघाची स्थापना झाली. डोंगरवाटांवर लाल रंगात काढलेले इंग्रजी ‘टी’ अक्षर ही या संघाची आजची ओळख आहे. संघाने आपले पहिले विश्रामघर त्याच वर्षी तेलेमार्क प्रांतातील क्रोकान येथे घेतले, कारण तिथून र्‍युकानफोसेन हा १०४ मीटरचा धबधबा दिसत असे. त्या काळी चित्रकार आणि प्रवासी मुद्दाम वाट वाकडी करून हा धबधबा पाहायला येत. पुढच्या चाळीस वर्षांत त्याचे जे झाले, त्यात नॉर्वेच्या पर्यटनाचा बराचसा इतिहास सामावला आहे. म्हणून र्‍युकानपाशी थोडे थांबणे भाग आहे.

१९०५ साली नॉर्वे स्वीडनपासून स्वतंत्र झाला. त्याच वर्षी उद्योजक साम आइद यांनी नॉर्स्क हायड्रो ही कंपनी उभी केली. हवेतील नायट्रोजनपासून खत तयार करण्याची पद्धत त्यांनी शास्त्रज्ञ क्रिस्तियान बिर्केलान यांच्यासह शोधली होती. मात्र तिला वीज अफाट लागे आणि स्वस्त वीज मिळायची ती अशा धबधब्यांपासूनच. १९११ मध्ये र्‍युकानफोसेनच्या पाण्यावर चालणारे वेमोर्क येथील वीजगृह सुरू झाले, तेव्हा ते जगातील सर्वांत मोठे जलविद्युत केंद्र होते. धबधब्याचे पाणी बोगद्यांत आणि नळांत गेले, विश्रामघरासमोरचा कडा बहुतेक काळ कोरडा पडू लागला आणि दरीच्या तळाशी र्‍युकान हे कामगारांचे नवे गाव वसले.

ही दरी इतकी अरुंद आहे, आणि दक्षिणेला १,८८३ मीटर उंचीचा गाउस्ताटोप्पेन हा डोंगर असा उभा आहे, की सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत गावावर ऊन पडतच नाही. उतारावर आरसे बसवून सूर्यप्रकाश खाली वळवावा, ही कल्पना १९१३ मध्येच एका स्थानिक माणसाने मांडली होती, पण तेव्हाच्या तंत्राला ती झेपणारी नव्हती. कंपनीने दुसरा मार्ग काढला. १९२८ मध्ये तिने क्रोस्सोबानेन हा रोपवे बांधून दिला, तो एवढ्यासाठीच की हिवाळ्यात कामगारांना आणि त्यांच्या मुलाबाळांना वर जाऊन थोडा वेळ उन्हात बसता यावे. उत्तर युरोपातील हा पहिला रोपवे होता आणि तो आजही चालतो. आरशांची मूळ कल्पना शंभर वर्षांनी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, साकार झाली. गावापासून सुमारे ४५० मीटर उंचीवर प्रत्येकी १७ चौरस मीटरचे तीन आरसे बसवले गेले. संगणकाच्या आज्ञेने ते सूर्यामागे वळत राहतात आणि गावच्या चौकात सुमारे ६०० चौरस मीटरचा उजेडाचा एक लांबट पट्टा पाडतात. हिवाळ्यात लोक त्या पट्ट्यात खुर्च्या टाकून बसतात, आणि त्यांना तसे बसलेले पाहायला परगावचे लोक येतात.

वेमोर्कची दुसरी ओळख युद्धातली आहे. खतनिर्मितीच्या ओघात तिथे जड पाणीही, म्हणजे हायड्रोजनचा जड प्रकार असलेले पाणी, तयार होई. अणुसंशोधनासाठी जर्मनांना ते हवे होते. फेब्रुवारी १९४३ मध्ये ब्रिटनमध्ये प्रशिक्षण घेतलेल्या नॉर्वेजियन जवानांनी बर्फाळ घळ ओलांडून कारखान्याच्या तळघरात प्रवेश केला आणि जड पाण्याची यंत्रणा उडवून दिली. पुढच्या वर्षी उरलेला साठा जर्मनीला नेणारी ‘हायड्रो’ नावाची फेरीबोट तिन्शो सरोवरात बुडवण्यात आली. तीत सामान्य प्रवासीही दगावले. १९७१ मध्ये जुने वीजगृह बंद झाले, १९७७ मध्ये ज्या इमारतीत ही कारवाई झाली ती पाडली गेली आणि १९८८ मध्ये वीजगृहात औद्योगिक कामगारांचे संग्रहालय आले. इमारत पाडताना तिच्याखाली काय गाडले जात आहे, याची फारशी फिकीर तेव्हा कोणी केलेली दिसत नाही. त्यानंतर चाळीस वर्षांनी पुरातत्त्वज्ञांनी ढिगारा उपसून तेच तळघर बाहेर काढले आणि २०२२ पासून ते लोकांना पाहता येते. दरम्यान, २०१५ मध्ये र्‍युकान आणि शेजारच्या नोतोद्देन या औद्योगिक वसाहतींना जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. गाउस्ताटोप्पेनच्या पोटातून शिखरापर्यंत जाणारी रेल्वेही मूळची लष्करी आहे. १९५० च्या दशकात शीतयुद्धाच्या काळात शिखरावरील रेडिओ केंद्रापर्यंत कोणत्याही हवामानात पोहोचता यावे म्हणून ती गुपचूप बांधली गेली. आज तिचे तिकीट काढून कोणालाही वर जाता येते.

दळणवळणाच्या साधनांची कथाही याच वळणाची आहे. रस्ते आणि लोहमार्ग नसलेल्या उत्तरेकडील गावांना टपाल, माल आणि माणसे वेळेवर पोहोचावीत म्हणून जुलै १८९३ मध्ये कप्तान रिचर्ड विथ यांनी सरकारी कंत्राटावर ट्रोनहाइम ते हामरफेस्ट ही बोटसेवा सुरू केली. खडकाळ किनाऱ्यावर रात्रीच्या अंधारात बोट हाकणे त्या काळी अनेकांना वेडेपणाचे वाटत असे. पुढे ही सेवा बर्गेन ते किर्केनेस अशी वाढली. तीच आजची हुर्टिगरूटेन. तिच्या बोटीवर प्रवाशांची चैन आणि गावोगावचा माल अजूनही एकाच वेळी वाहिला जातो. २०२१ पासून या मार्गावर दुसऱ्या एका कंपनीच्या बोटीही धावतात. त्यांच्यावरील मोठ्या बॅटऱ्यांमुळे फ्योर्डमधला काही तासांचा प्रवास इंजिनाच्या आवाजाविना होतो.

१९०९ मध्ये ऑस्लो आणि बर्गेन लोहमार्गाने जोडले गेले. या मार्गावरील म्युर्दाल स्थानकापासून खाली फ्योर्डकाठच्या फ्लोम गावापर्यंत वीस किलोमीटरांचा फाटा काढण्यात आला, तो बोटींना रेल्वेशी जोडण्यासाठी. एवढ्याशा अंतरात गाडी साडेआठशेहून अधिक मीटर उतरते. वीस बोगद्यांपैकी अठरा बोगदे हाताने खोदलेले आहेत आणि अशा बोगद्याच्या एका मीटरला एका मजुराचा साधारण महिनाभर लागे, असे सांगतात. १९४० साली मार्ग सुरू झाला. पुढे रस्ते झाल्यावर मालवाहतूक आटली आणि १९९० च्या दशकात तो बंद करण्याचे घाटत होते. पर्यटनाने त्याला तारले. महाराष्ट्रातून मे ते ऑगस्टदरम्यान निघणाऱ्या स्कॅन्डिनेव्हियाच्या सहलींच्या पत्रकांत फ्लोमची ही गाडी बहुधा असतेच. त्याचप्रमाणे लोफोतेन बेटांवर कॉड माशांच्या हंगामात कोळ्यांना राहण्यासाठी खांबांवर बांधलेली लाल लाकडी घरे असत. त्यांची परंपरा थेट ११२० च्या सुमाराच्या राजा ओइस्टाइनपर्यंत नेली जाते. ती घरे आता रात्रीच्या भाड्याने पर्यटकांना मिळतात, आणि भाडे कोळ्याला परवडणारे नसते.

रस्त्यांच्या बाबतीत मात्र शासनाने जाणीवपूर्वक काही नवे केले. स्त्रीन घाटाचा जुना रस्ता १८९४ मध्ये पूर्ण झाला होता. फावडी-पहारी घेतलेल्या नॉर्वेजियन आणि स्वीडिश मजुरांनी तो बांधला आणि त्याच्या कडेचे उभे दगड आजही जागेवर आहेत. अकरा वळणांचा ट्रोलस्टिगेन १९३६ मध्ये राजा सातवा होकोन याच्या हस्ते खुला झाला. विसाव्या शतकाच्या अखेरीस बोगद्यांमुळे असे घाट वाहतुकीच्या दृष्टीने मागे पडले. तेव्हा रस्ते विभागाने निवडक जुन्या मार्गांना राष्ट्रीय निसर्गमार्ग म्हणून जपण्याचे ठरवले आणि २०१२ मध्ये अशा अठरा मार्गांना हा दर्जा लाभला. थांबे, निरीक्षणस्थळे आणि स्वच्छतागृहे यांची आखणी वास्तुरचनाकारांवर सोपवणे, हा या योजनेतला खरा धाडसी निर्णय होता. बहुतेक देशांत हे काम ठेकेदाराकडे जाते आणि त्याची फळे प्रवाशांना भोगावी लागतात. औरलान्सफ्योर्डवर ६५० मीटर उंचीवर पुढे झेपावलेला, टोकाला काच लावलेला स्टेगास्टाइनचा लाकडी सज्जा २००६ मध्ये झाला. साउदाजवळ १८९९ मध्ये बंद पडलेल्या जस्ताच्या खाणीपाशी पीटर त्सुमथोर या स्विस वास्तुरचनाकाराने लाकडी टेकूंच्या चौकटींवर उभी केलेली काळी दालने २०१६ मध्ये खुली झाली. खाणीतले कष्टाचे, तुटपुंज्या मजुरीचे जगणे ती बांधणी बोलून दाखवते.

त्याच त्सुमथोर यांनी शिल्पकार लुईज बुर्ज्वा यांच्यासह अगदी ईशान्येकडील वार्ड्यो येथे उभारलेले स्मारक २०११ मध्ये खुले झाले. सतराव्या शतकात फिनमार्क या उत्तरेकडील प्रांतात चेटूक केल्याच्या आरोपावरून ज्या ९१ जणांचा बळी गेला, त्यांच्यासाठी ते आहे. समुद्रालगतच्या लांबलचक, अरुंद, अंधाऱ्या दालनात ९१ लहान खिडक्या आहेत. प्रत्येकीत एक दिवा तेवतो आणि शेजारच्या कापडी फलकावर त्या व्यक्तीवरील आरोप व शिक्षा वाचता येते. पर्यटनमार्गावर स्वतःच्या इतिहासातला हा डाग इतक्या ठळकपणे मांडणे मला या योजनेतील सर्वांत मोलाचे वाटते. छायाचित्रांसाठी गाजलेल्या सज्ज्यांहूनही.

ऑस्लोत कामाच्या जागेचे आकर्षण झाले ते जुन्या बंदरात. ब्योर्विका भागातील कंटेनरचे धक्के हटवून तिथे २००८ मध्ये स्नोहेट्टा या वास्तुरचना संस्थेने रचलेले ऑपेरागृह आले. त्याच्या उतरत्या पांढऱ्या छपरावर कोणीही फुकट चालत जाऊ शकतो. पाठोपाठ २०२० मध्ये मुख्य ग्रंथालय आणि २०२१ मध्ये चित्रकार एडवर्ड मुंक यांचे संग्रहालय झाले. उत्तर समुद्रात १९६९ मध्ये सापडलेल्या तेलाने देशाच्या तिजोरीला जी ऐपत दिली, तिच्याशिवाय हे सारे इतक्या झपाट्याने उभे राहिले असते, असे वाटत नाही.

गर्दीचा प्रश्नही इतिहासातूनच आलेला आहे. १९५७ च्या कायद्याने कोणालाही मोकळ्या माळरानावर, डोंगरात आणि जंगलात फिरण्याचा व तंबू ठोकण्याचा हक्क दिला आहे. अशा वाटांवर तिकीट लावता येत नाही. हा हक्क ठरवताना समोर होता तो पाठीवर पिशवी घेऊन निघालेला स्थानिक. मोबाइलवरचे छायाचित्र पाहून विमानाने आलेला पाहुणा नव्हे. हार्डांगर भागातील ट्रोलटुंगा ही सरोवरावर जिभेसारखी पुढे आलेली शिळा पाहायला २०१० मध्ये जेमतेम आठशे लोक चढून गेल्याचे सांगतात. २०१६ मध्ये तोच आकडा ऐंशी हजारांच्या घरात गेला. पुरेशा कपड्यांविना आणि उशिरा निघालेल्यांना खाली आणण्याचे काम स्थानिक बचाव पथकांतील स्वयंसेवकांवर पडू लागले. खुद्द ट्रोलस्टिगेन २०२४ च्या उन्हाळ्यात दरडी कोसळू लागल्याने उरलेल्या हंगामासाठी बंद ठेवावा लागला.

त्यावर दोन उपाय आता लागू होत आहेत. २००५ पासून जागतिक वारसा असलेल्या गाइरांगर आणि नेरॉय परिसरातील फ्योर्डमध्ये दहा हजार टनांपेक्षा लहान प्रवासी जहाजांना २०२६ पासून, तर मोठ्यांना २०३२ पासून, शून्य उत्सर्जनाची अट घालण्यात आली आहे. दुसरीकडे, पर्यटकांचा विशेष भार सोसणाऱ्या नगरपालिकांना मुक्कामाच्या दरावर तीन टक्क्यांपर्यंत शुल्क आकारू देणारा कायदा संसदेने २०२५ मध्ये संमत केला. जमा होणारी रक्कम पर्यटनाशी निगडित सार्वजनिक सोयींवरच खर्च करण्याचे बंधन त्यात आहे. काही हजार वस्तीच्या गावाला एका उन्हाळ्यात काही लाख लोकांची स्वच्छतागृहे, वाहनतळ आणि पायवाटा सांभाळाव्या लागतात, आणि आजवर त्याचा बोजा तिथल्या करदात्यांवरच होता.