गोंड्याची टोपी

गोंड्याची टोपी : सुयांवर लोकरीने विणलेली, माथ्यावर धाग्यांचा गोल गोंडा लावलेली कानटोपी. कोकण किनाऱ्यावर थंडी बेताची. पौष-माघातली पहाट, दापोलीकडचे सडे (उघडी कातळपठारे) आणि होडीवरचा वारा एवढ्यापुरतीच ती लागते.

सुयांवरच्या विणकामाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. इजिप्तमधील इ. स. सुमारे ३ ते ५ व्या शतकांतील मोजे पूर्वी दोन सुयांचे विणकाम मानले जात. ते नेढ्याच्या एकाच सुईने, धागा प्रत्येक फासातून पूर्ण ओढून केलेले आहेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. दोन सुयांची वीण टोक ओढताच उसवते, ही उसवत नाही. इंग्लंडमध्ये १५७१ च्या कायद्याने रविवारी व सणावारी लोकरीची टोपी सक्तीची केली होती. तो १५९७ मध्ये रद्द झाला. फ्रेंच नौसैनिकांच्या टोपीवरील लाल गोंडा जहाजाच्या बुटक्या छतापासून डोके वाचवण्यासाठी आला, असे सांगतात. तो शोभेचाच असावा.

डोक्याचा घेर ५५ सेंमी. असल्यास १० सेंमी.त २२ टाके बसतील अशी मध्यम लोकर सुमारे ९० ग्रॅ. घ्यावी. १० नंबरच्या (३.२५ मिमी.) सुईवर १०६ टाके घालून एक सुलट, एक उलट अशी ५ सेंमी. पट्टी विणावी. टाके आवळून घातले तर कपाळावर वळ उठतो, म्हणून ते दोन सुया एकत्र धरून घालावेत. पुढे ८ नंबरच्या (४ मिमी.) सुयांवर सुलट बाजूला सुलट, उलट बाजूला उलट विणत एकूण उंची १५ सेंमी. करावी. मग कडेचा एकेक टाका सोडून ११ सुलट, २ एकत्र असे आठ वेळा. पुढच्या प्रत्येक सुलट ओळीला मधला एकेक टाका कमी, म्हणजे १० सुलट, २ एकत्र, मग ९ सुलट, २ एकत्र, याप्रमाणे. १८ टाके उरले की लोकर त्यांतून ओवून गच्च ओढावी आणि त्याच धाग्याने मागची शिवण घालावी. घट उशिरा सुरू केली तर माथ्याला शेंडी येते, लवकर केली तर कान उघडे पडतात.

झेंडूलाही कोकणात गोंडा म्हणतात. टोपीवरचा गोंडा तसाच दाट हवा. पुठ्ठ्याच्या ८ सेंमी. व्यासाच्या, मध्ये अडीच सेंमी. भोक असलेल्या दोन चकत्या जुळवून भोक बुजेपर्यंत लोकर गुंडाळावी. कडेने कापून चकत्यांमधून मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉनचा दोरा दोन वेढे देऊन आवळावा. लोकरीने बांधल्यास ती ऐन आवळताना तुटते आणि गोंडा विस्कटतो. नायलॉनची गाठ सरकते, म्हणून ती तिहेरी मारावी. तान्ह्याच्या टोपऱ्याला गोंडा लावू नये. सुटलेले धागे तोंडात जातात.

दमट हवेत गोंडा आतून वाळत नाही, कुबट वास येतो. म्हणून तो आतून बटणावर बांधावा, धुताना काढता येतो. ॲक्रेलिक लोकरीला इस्त्री लावू नये, वीण कायमची चपटी होते. खाऱ्या हवेत पोलादी सुया गंजून फिक्या लोकरीवर डाग पाडतात. ॲल्युमिनियमच्या किंवा बांबूच्या बऱ्या.