सिंथचं व्होल्टेज आणि घरातले दिवे : पार्श्वभूमी

सिंथच्या, म्हणजे विजेनं सूर घडवणाऱ्या सिंथेसायझरच्या, कंट्रोल व्होल्टेजवर (सूर-आवाज हलवणाऱ्या व्होल्टेजवर, थोडक्यात सीव्हीवर) घरातले दिवे चालवायचे तर दोन घराण्यांची सोयरीक जुळवावी लागते. एक वाद्यांचं, दुसरं रंगमंचाचं. दोघंही व्होल्टमध्येच बोलतात, आणि गैरसमज नेमका तिथेच होतो.

गोव्यात जत्रेच्या नाटकाचा उजेड गॅसबत्तीपासून सुरू होतो. १९६१ नंतर गावोगाव वीज पोचत गेली, तसे देवळापुढच्या मांडवात स्पॉट आले आणि त्यांच्या मागोमाग डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारी यंत्रं. तारेच्या वेटोळ्यांचे ते डिमर वजनाला जड आणि हात लावू नये इतके तापणारे. मिठाच्या पाण्यात पत्रा खाली-वर करून दिवा मंद करायची युक्ती रंगभूमीवर त्याहूनही जुनी. यातल्या कुठल्याही प्रकारात लाइटवाल्याच्या हाताखाली दिव्याचीच वीज असायची. १९५७ मध्ये थायरिस्टर, म्हणजे छोट्या इशाऱ्यावर मोठी वीज सोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, आला आणि ही रीत बदलली. दिव्याची वीज थायरिस्टरनं सांभाळायची, लाइटवाल्याच्या दांड्यातून त्याला फक्त काही व्होल्टचा इशारा जायचा. हा इशारा किती व्होल्टचा, यावर मात्र एकमत नव्हतं. बऱ्याच ठिकाणी ० ते १०, तर ब्रिटिश बनावटीच्या काही कन्सोलांवर (लाइटवाल्याच्या नियंत्रण-फळ्यांवर) चक्क उणे १०. दर डिमरला एक तार, त्यामुळे केबलची जुडी मनगटाएवढी.

१९६० च्या दशकात अमेरिकेत सिंथ बनवणारेही व्होल्टेजनं स्वर ठरवू लागले होते. पूर्व किनाऱ्यावरच्या निर्मात्याचं माप सप्तकाला १ व्होल्ट, पश्चिम किनाऱ्यावरच्याचं १.२. पश्चिमेकडच्या त्या यंत्रांत वॅक्ट्रोल नावाचा एक भाग असे. काळ्या आवरणात छोटा दिवा आणि त्याच्यासमोर उजेडानं रोध बदलणारी चकती. सीव्हीनं दिवा कमी-जास्त व्हायचा आणि चकतीमुळे आवाज. चकती सावकाश सावरते, म्हणून आवाज लाकडावर टिचकी मारल्यासारखा विरत जातो. म्हणजे सिंथनं घरातला दिवा हलवण्याच्या कितीतरी आधी दिवा सिंथच्या पोटात होता.

पुढे इशारे व्होल्टेजऐवजी आकड्यांत पाठवायच्या पद्धती आल्या. १९८३ मध्ये वाद्यांकडे मिडी आणि १९८६ मध्ये रंगमंचाकडे डीएमएक्स, एका केबलवर ५१२ चॅनल. तीन वर्षांत दोन्ही घराण्यांनी व्होल्टेजला निवृत्त केलं. १९९० च्या दशकात गोव्यातल्या हणजूणच्या (अंजुना) किनाऱ्यावर पार्ट्यांत रात्रभर वाजायचं ते बहुतेक डॅट, म्हणजे डिजिटल, टेपवरून. पण त्या टेपांवरचा किरकिरा ॲसिड आवाज ज्या चंदेरी सिंथ-पेटीतून निघाला, तिला सीव्ही आणि गेट (सूर सुरू-बंद करणारा इशारा) अशी दोन आउटपुटं होती. त्याच दशकाच्या मध्यात एका जर्मन कारखानदारानं आटोपशीर मॉड्यूलर रॅक (सुटे भाग तारांनी जोडून बनणारा सिंथ) बाजारात आणला आणि सीव्ही पुन्हा हौशी लोकांच्या घरात शिरलं.

आता मूळ घोळ. नाटकाच्या ‘० ते १०’ पद्धतीत व्होल्टेज कन्सोल देतो, डिमर ते नुसतं वाचतो. केबल निसटली की काळोख. ऑफिसांतल्या ट्यूबलाइटसाठी नंतर जी पद्धत रूढ झाली, तिलाही लोक बोलताना ‘० ते १०’ च म्हणतात. कागदोपत्री ती १ ते १०, आणि तिचा कारभार उलटा. तिथे व्होल्टेज दिव्याचा ड्रायव्हरच, म्हणजे दिव्याला वीज पुरवणारी डबीच, सोडतो, कंट्रोलरनं ते खाली ओढायचं. केबल निसटली तर दिवा लख्ख पेटतो. १ च्या खाली कितीही ओढा, दिवा विझत नाही. त्यासाठी वेगळं बटण. आज ‘० ते १०’ चा शिक्का मारून विकले जाणारे एलईडी ड्रायव्हर बहुतेक या दुसऱ्या, ऑफिसवाल्या पद्धतीचे.

मग सिंथचं आउटपुट थेट जोडलं तर चालतं का? हौशी मंडळींत यावर दोन तट आहेत आणि माझ्या मते दोघंही आपापल्या ड्रायव्हरपुरते खरे. सिंथच्या आउटपुटमागची ऑपॲम्प नावाची चिप व्होल्टेज देते तसं ओढूही शकते. पण तिच्या तोंडाशी बहुधा १ किलोओमचा रोध बसवलेला असतो. ड्रायव्हरनं ०.२ मिलिॲम्पिअर सोडला तर सिंथ शून्यावर असताना तारेवर ०.२ व्होल्ट उरतं, कुणाच्या लक्षातही येत नाही. तोच ड्रायव्हर २ मिलिॲम्पिअर सोडणारा असेल तर २ व्होल्ट उरतं आणि दिवा तळाशी जातच नाही. त्यात एलएफओ (सिंथमधलं सावकाश खाली-वर होणारं व्होल्टेज) उणे ५ ते अधिक ५ मध्ये फिरत असेल तर अर्धी फेरी वायाच. आधी ५ व्होल्ट मिळवून ते ० ते १० मध्ये आणावं लागतं. स्वस्त ड्रायव्हरच्या डिमिंगच्या तारा २३० व्होल्टपासून खऱ्या अर्थानं वेगळ्या असतीलच असं नाही, म्हणून मध्ये ऑप्टोकपलर, म्हणजे तार न जोडता उजेडानं इशारा पोचवणारा भाग, हवाच. या एका बाबतीत मी कुणाशी वाद घालत नाही.

भिंतीवरच्या जुन्या डिमरची वाट आता जवळपास बंद झाली आहे. २०१५ पासून सरकारी योजनेतले स्वस्त एलईडी बल्ब घरोघर आले. ते डिमरवर लावले की नुसते फडफडतात.

गोव्यात ‘व्होल्टेज’ या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटलेला आहे. पावसाळ्यात बल्ब पिवळा पडला की ‘व्होल्टेज नाही’. गेल्या चवथीला (गणेश चतुर्थीला) मी माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीच्या, वर दिव्यांच्या दोन पट्ट्या लावल्या आणि घुमट आरतीचा माइक एन्व्हलप फॉलोअरमधून (आवाजाच्या चढ-उतारातून व्होल्टेज बनवणाऱ्या यंत्रातून) त्यांना जोडला. पहिल्या आरतीलाच उजेड घुमटाबरोबर उसळू लागला. स्वयंपाकघरातून काकी ओरडली, “अरे, व्होल्टेज खाली-वर होतंय, आधी तो फ्रिज बंद कर!” मी फॉलोअरची उतरण लांबवली, उजेड सावकाश उतरू लागला. फ्रिज तिनं रात्रीपर्यंत चालू करू दिला नाही.