वीस अंशांतली हुडहुडी

"पावसाळ्यात सह्याद्रीत कसली आलीय थंडी? हिमालय आहे का तो?" जुलैतल्या रविवारी पहाटे स्वारगेटला वेल्ह्याच्या (तोरणा गडाच्या पायथ्याचं गाव) एसटीची वाट बघणाऱ्या घोळक्यात हे वाक्य हमखास ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या अंगात जीन्स, सुती टीशर्ट आणि वर प्लास्टिकचा रेनकोट असतो. सॅकमध्ये डबा, पाण्याची बाटली आणि मोबाइल गुंडाळायला एक पिशवी. कोरडे कपडे नसतात, कारण 'भिजायलाच तर चाललोय'. चार-पाच तासांनी तोरण्याच्या बिनी दरवाजातून आत आल्यावर याच माणसाला रेनकोटची चेन लावता येत नाही. बोटं वळत नाहीत, दात वाजत असतात, ओठ निळसर पडलेले असतात. त्या वेळी तापमापक काढून पाहिला तर तो वीस अंश सेल्सिअसच्या आसपास दाखवतो. पुण्यात घरी एवढ्या तापमानाला आपण जेमतेम पंख्याचा वेग कमी करतो.

आधी उंचीचा हिशेब करू. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे आणि तोरणा १४०३ मीटरवर, म्हणजे फरक सुमारे ८४० मीटरचा. कोरडी हवा वर चढली की दर किलोमीटरला ९.८ अंशांनी गार होते. एप्रिलच्या रखरखीत दुपारी या हिशेबाने गडावर आठेक अंशांचा फरक पडू शकतो. पावसाळ्यातली हवा मात्र बाष्पाने भरलेली असते. ती चढताना बाष्पाचं पाणी होतं, ढग बनतो आणि बाष्पात दडलेली उष्णता हवेला परत मिळते. त्यामुळे ती किलोमीटरला चार ते पाच अंशांनीच गार होते. पुण्यात पावसात २४ अंश असतील तर तोरण्यावर २० असतील. थोडक्यात, उंचीमुळे येणारा गारवा पावसाळ्यात उन्हाळ्यापेक्षा कमी असतो. मग हुडहुडी भरते कशाने?

कारण कपड्यांत आहे, आणि तिथे जरा थांबायला हवं.

शाळेत बाष्पनाचा अप्रकट उष्मा शिकवतात आणि परीक्षा झाली की तो विसरला जातो. अंगाच्या तापमानाजवळ एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. चिंब भिजलेली जीन्स पिळल्यानंतरही अर्धा लिटर पाणी सहज धरून ठेवते. खोटं वाटत असेल तर घरीच करून बघा: कोरडी जीन्स स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, बादलीत बुडवून पिळा, ठिबकणं थांबेपर्यंत टांगा आणि पुन्हा तोला. हे अर्धा लिटर पाणी अंगावरच वाळलं तर १२०० किलोज्यूल खर्ची पडतात. त्यातली काही उष्णता हवेतून येते, बाकीची तुमच्या कातडीतून. स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर साधारण १०० वॉट, म्हणजे तासाला ३६० किलोज्यूल उष्णता तयार करतं. एक जीन्स वाळवायला शरीराच्या तीन तासांहून जास्त कमाईएवढी उष्णता लागते ती अशी.

इथे एक चांगला प्रश्न निघतो. गडावर धुकं आहे, आर्द्रता शंभर टक्के आहे, मग पाणी वाळेलच कसं? दोरीवरचे कपडे तिथे वाळत नाहीत हे खरंच. पण बाष्पीभवन ठरतं ते कातडीलगतच्या आणि बाहेरच्या हवेतल्या बाष्पदाबाच्या, म्हणजे बाष्पामुळे पडणाऱ्या दाबाच्या, फरकावर. ३३ अंशांच्या ओल्या कातडीलगत बाष्पदाब सुमारे ५० हेक्टोपास्कल (दाब मोजायचं एकक) असतो. २० अंशांच्या पूर्ण संपृक्त हवेत तो २३ च असतो. हवा कितीही दमट असली तरी ती कातडीपेक्षा गार आहे तोवर बाष्प अंगाकडून बाहेरच धावणार. वारा त्या बाष्पाला लगेच हटवतो आणि हे चक्र थांबत नाही.

आता रेनकोट. गड चढताना शरीर ४०० वॉटच्या घरात उष्णता तयार करतं. त्यातली ३०० वॉट घामावाटे काढायची तर तासाला चारशे-साडेचारशे मिलिलिटर घाम वाळला पाहिजे. वेल्ह्यातून वर पोचायला दोन-अडीच तास धरा, तर एकूण लिटरभर. प्लास्टिकच्या रेनकोटातून ही वाफ बाहेर जात नाही. पावसाने गार झालेल्या प्लास्टिकला ती आतून लागते, तिथे तिचं पाणी होतं आणि वाहून आणलेली उष्णता ती प्लास्टिकला देते. प्लास्टिक ती पाऊस-वाऱ्याला देऊन मोकळं होतं. पाणी ओघळून परत टीशर्टात येतं, पुन्हा अंगाची उष्णता घेतं, पुन्हा वाफ, पुन्हा प्लास्टिक. फ्रीजमध्येही असंच होतं: तेच द्रव्य फिरत राहतं आणि दर फेरीला उष्णता बाहेर टाकतं. रेनकोटाच्या आत पावसाचा एक थेंबही शिरला नाही तरी हे चालतं.

भरीला, कपड्यातल्या हवेची जागा पाण्याने घेतलेली असते आणि पाणी हवेपेक्षा वीस पटींहून जास्त उष्णता वाहून नेतं. चढताना यातलं काही जाणवत नाही, कारण कमाई ४०० वॉटची असते. माथ्यावर डबा उघडून बसलात की ती १०० वर येते. खर्च मात्र चढतानाच्याच दराने चालू राहतो, उलट वाऱ्याने वाढतो. पावसाळ्यात पश्चिमेकडून येणारा वाऱ्याचा झोत साधारण दीड किलोमीटर उंचीवर सर्वांत जोरकस असतो, आणि तोरणा, हरिश्चंद्रगड (१४२४ मीटर), कळसूबाई (१६४६ मीटर) यांचे माथे नेमके त्याच पट्ट्यात येतात.

'श्वास घेणाऱ्या' महाग जॅकेटांचा बोलबाला आहे, म्हणून त्यांच्याबद्दलही. १९६९ साली बॉब गोर यांनी टेफ्लॉन ताणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा बनवला. त्यातून वाफ जाते, पाण्याचा थेंब जात नाही. पण वाफ जाते ती बाष्पदाबाच्या फरकावरच. बाहेरचं कापड पाणी पिऊन बसलं की वाफेची वाट अडते आणि आत पुन्हा घाम साचतो. हिमालयाच्या कोरड्या थंडीत ही जॅकेटं जो गुण देतात तो ताम्हिणीच्या पावसात देत नाहीत. हजारो रुपये घालण्याआधी हे लक्षात घ्या, आणि घेतलंच तर काखेत चेन असलेलं घ्या.

मुळशी-मावळात भात लावताना बायाबापड्या डोक्या-पाठीवर इरलं घेत, ते या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यात पानं, वाकलेल्या पाठीवर कासवाच्या पाठीसारखं बसणारं आणि खालून पूर्ण उघडं. पाऊस वरून निथळतो, वाफ खालून निघून जाते. धनगराची घोंगडीही तशीच शहाणी. लोकर आपल्या वजनाच्या तीसेक टक्के बाष्प पोटात घेऊनही ओली लागत नाही, आणि भिजली तरी कुरळे तंतू हवा धरून ठेवतात. सुती कापड मात्र भिजलं की अंगाला चिकटतं, आतली हवा जाते.

यावरून सॅक भरायची. जीन्स घरी ठेवा. पॉलिएस्टरची ट्रॅक पँट आणि ड्राय-फिट टीशर्ट घाला. पॉलिएस्टरचा तंतू पाणी जवळजवळ पीत नाही, त्यामुळे पिळलं की बरंचसं पाणी निघून जातं. झाडीतल्या चढावर पोंचो, म्हणजे डोक्यावरून घालायचा, खालून मोकळा असलेला सैल रेनकोट चांगला. सोंडेवर, उघड्या धारेवर तो वाऱ्याने उडून पायात येतो, तिथे विंडचीटर हवा. सॅकच्या बाहेरच्या रेनकव्हरवर विसंबू नका, पाठीकडच्या बाजूने पाणी आत शिरतंच. कचऱ्याची मोठी, जाड काळी पिशवी सॅकच्या आत अस्तरासारखी लावा, सामान तिच्यात भरा आणि तोंडाला पीळ देऊन दुमडा. त्यात, आणखी एका बंद पिशवीत, हे असलंच पाहिजे: फ्लीसचा किंवा लोकरीचा स्वेटर, कोरडा टीशर्ट, कोरडी पँट, लोकरीचे मोजे, कानटोपी. शिवाय दोन रिकाम्या काळ्या पिशव्या, थर्मासमध्ये साखर घातलेला गरम चहा, गूळ-शेंगदाणे आणि टॉर्च. चढताना थोडं गार वाटेल इतकेच कपडे ठेवा. माथ्यावर पोचल्यावर, थंडी वाजायची वाट न बघता, आधी आडोसा गाठा, ओला टीशर्ट काढून कोरडा घाला आणि मगच डबा उघडा. दगडावर बसू नका, रिकाम्या सॅकवर बसा.

इतर ऋतूंचं थोडक्यात. जूनचा पूर्वार्ध आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हे विजेचे दिवस, दुपारी माथ्यावर थांबू नये. डिसेंबर-जानेवारीच्या निरभ्र रात्री गार, जड हवा दरीत उतरते, त्यामुळे पहाटे पायथ्याचं गाव गडापेक्षा थंड असू शकतं. स्लीपिंग बॅग पायथ्याच्या मुक्कामालाही लागते. मार्च ते मे माणशी किमान चार लिटर पाणी. आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवामान खात्याचा घाटभागासाठीचा इशारा आदल्या संध्याकाळी बघाच. शहराचा अंदाज घाटाला लागू होत नाही. एका दिवसात २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस म्हणजे 'अतिवृष्टी'ची सर्वांत वरची पायरी. तसा इशारा असेल तेव्हा भरलेले ओढे गडावरून परत उतरू देत नाहीत, म्हणून घरीच थांबायचं.

धुक्यात माणसं त्याच जागी फिरून येतात, त्याला गावाकडे 'चकवा लागला' म्हणतात आणि उतारे करतात. जर्मनीतल्या संशोधकांनी २००९ मध्ये माणसांना जंगलात आणि वाळवंटात चालवून पाहिलं, तेव्हा सूर्य-चंद्र दिसेनासे झाले की ती खरोखरच गोल फिरू लागली, आणि तेही आपण सरळ चाललोय अशा खात्रीने. त्यात शरीराचं तापमान घसरलं असेल तर मेंदूही मंदावतो. चकवा लागलेल्याला लिंबू-मिरची नको, कोरडा स्वेटर हवा.

शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया. सोबत्याची बोटं नीट चालत नसतील, तो अडखळत असेल, बोलणं जड झालं असेल, "मला काही होत नाही, तुम्ही व्हा पुढे" म्हणत असेल, तर त्याचं ऐकू नका. तोरण्यावर असाल तर मेंगाई देवीच्या देवळात, नाहीतर कुठल्याही आडोशाला न्या, ओले कपडे पूर्ण काढा, अंग टिपून कोरडे घाला, डोक्यावर कानटोपी. काळ्या पिशवीच्या बुडाला डोक्यापुरतं भोक पाडून ती अंगावर चढवा, तोंड मोकळं राहील असं बघा. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तरच गरम गोड चहा घोट-घोट द्या. दारू अजिबात नको, तिने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उष्णता आणखी जाते. हातपाय चोळू नका. कुडकुडणं ही स्नायूंनी चालवलेली शेगडी आहे. अंग गरम न होताच ती विझली तर मामला गंभीर आहे: त्याला आडवं ठेवा, चालवू नका आणि १०८ ला फोन लावा. रेंज नसेल तर दोघांना खाली वेल्ह्याला पाठवा, एकट्याला नको.