कडक भाकरीचे तुकडे आणि भूकंपाचा हिशेब

जमीन जराशी हादरली की सोलापुरात एक दिलासा हमखास ऐकू येतो: "बरं झालं, थोडा थोडा जोर निघून गेला, आता मोठा भूकंप होत नाही." किल्लारीत १९९२च्या ऑक्टोबरात लहान धक्के बसलेच होते. तरी ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे व्हायचं ते झालं.

गुटेनबर्ग आणि रिश्टर या भूकंपशास्त्रज्ञांचा नियम हा दिलासा खोटा ठरवतो. रिश्टरचा एक अंक वाढला की धक्क्यांची संख्या साधारण दहाव्या हिश्शावर येते, ऊर्जा मात्र सुमारे ३२ पट होते. म्हणजे किल्लारीच्या ६.२च्या एका भूकंपाएवढी ऊर्जा निघायला ४.२चे हजार धक्के लागतात आणि होतात शंभराच्या आसपास. मोजमाप ठराविक पटीने वाढलं की संख्या ठराविक पटीने घटते, अशा नात्याला घात-नियम, म्हणजे पॉवर लॉ म्हणतात.

हा नियम तयार कसा होतो, हे ज्वारीच्या कडक भाकरीत बघता येतं. ६४ ग्रॅमची भाकरी आपटली, १६ ग्रॅमचे चार तुकडे झाले असं धरू. त्यांतले दोन तसेच राहिले, दोन पुन्हा चार-चार ठिकाणी फुटले: ४ ग्रॅमचे आठ. त्यांतले चार राहिले, चार फुटले: १ ग्रॅमचे सोळा. दर पायरीला वजन चौथाई, संख्या दुप्पट. तरी निम्मं वजन पहिल्या दोन तुकड्यांतच. गंमत आहे ती 'थांबणाऱ्या' तुकड्यांत. सगळेच तुकडे दरवेळी वेड्यावाकड्या प्रमाणात फुटत गेले, तर गणितज्ञ कोल्मोगोरोव्हने १९४१ साली दाखवलेली लॉग-नॉर्मल विभागणी (वजनांचे लॉगरिदम घेतले की घंटेसारखा आलेख देणारी) मिळते, घात-नियम नाही.

करून बघायचं तर खाली चादर अंथरून दहा भाकऱ्या आपटाव्यात आणि ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर तुकडे तोलावेत. गट दुपटीने पाडावेत: १ ते २, २ ते ४, ४ ते ८ ग्रॅम. सारख्या रुंदीचे पाडले तर मोठ्या तुकड्यांचे गट रिकामे राहतात आणि आलेखाचं शेपूट थरथरतं. वजन आणि संख्या लॉग-लॉग कागदावर मांडावी (दोन्ही अक्षांवर दर घर दहापट); घात-नियम तिथे सरळ रेष होतो. बारीक तुकड्यांकडे रेष खाली वाकली तर बहुधा भुगा मोजायचा राहिलाय. मोठ्या टोकाला ती तुटणारच, कारण भाकरीपेक्षा मोठा तुकडा निघत नाही. रेष किमान शंभरपट पल्ल्यात, ०.१ पासून १० ग्रॅमपर्यंत, सरळ हवी. त्याहून कमी पल्ल्यात लॉग-नॉर्मलही सरळच दिसते.

माणसांच्या उत्पन्नात अर्थशास्त्रज्ञ परेटोला हाच नियम १८९६च्या सुमारास दिसला. तिथे काही फुटत नाही, आहे त्याच्या प्रमाणात वाढ होते. पण नुसत्या तशा वाढीतूनही लॉग-नॉर्मलच निघते. ज्याच्या खाली घसरता येत नाही अशी किमान पातळी असली की वरच्या टोकाला घात-नियम उमटतो.

व्यवसाय-मार्गदर्शनाच्या शिबिरांत '८०-२०' (वरच्या २० टक्क्यांकडे ८० टक्के वाटा) हा सृष्टीचा नियम म्हणून विकला जातो, तो तसा नाही. परेटोचा घातांक, म्हणजे वर जाताना संख्या किती झपाट्याने घटते तो आकडा, सुमारे १.१६ असला तरच ८०-२० येतं. घातांक २ झाला की वरच्या २० टक्क्यांकडे जेमतेम ४५ टक्के उरतात.