नवतपातले ऊन आणि छतावरची वीज

मे महिन्यात नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होऊन पारा ४५ अंशांच्या पुढे सरकला की, छतावरच्या सौर पॅनेलमधून भरपूर वीज मिळत असेल, असे नागपुरात अनेकांना वाटते. वास्तविक पॅनेलला हवा असतो तो प्रकाश. उष्णता त्याला बाधते. पॅनेलवर लिहिलेली क्षमता सेलचे (पॅनेलमधल्या वीज तयार करणाऱ्या तुकड्यांचे) तापमान २५ अंश धरून मोजलेली असते आणि त्यापुढे प्रत्येक अंशामागे वीज साधारण ०.३ ते ०.४ टक्क्याने घटते. मेच्या दुपारी सेल ६५ अंशांपर्यंत तापला, तर १२ ते १६ टक्के वीज तिथेच गेली. त्यामुळे पॅनेल स्लॅबला चिकटवून न बसवता, खालून वारा खेळेल अशा उंच सांगाड्यावर, दक्षिणेकडे तोंड करून बसवणे नागपुरात विशेष गरजेचे आहे. धूळ पुसायची तीही पहाटे, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी पडले तर काच तडकू शकते.

तरीही हिशेब फायद्याचाच ठरतो, असे माझे स्पष्ट मत आहे. एक किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट मोकळे छत लागते आणि वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट मिळतात; म्हणजे महिन्याला ३०० युनिट जाळणाऱ्या घराला तीन किलोवॅट पुरतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तेवढ्या क्षमतेला ७८,००० रुपये अनुदान आहे.

खरी अडचण वेळेची आहे. वीज तयार होते दुपारी, आणि कूलर चालतो रात्रभर. दोनशे वॅटचा कूलर दहा तास चालला की दोन युनिट लागतात, एसीला तर त्याच्या कितीतरी पट. ही तफावत नेट मीटर भरून काढतो: दिवसा उरलेली वीज महावितरणच्या तारांत जाते आणि रात्री घेतलेल्या विजेतून वजा होते. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो, त्यामुळे बिल शून्यावर येईल या आशेवर कोणी राहू नये.

शेजारच्या इमारतीची किंवा टाकीची सावली एकाच पॅनेलवर पडली, तरी त्याच्याशी एकसर जोडलेल्या इतर पॅनेलांचे उत्पादनही घटू शकते. शिवाय लाइन गेली की, खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या सुरक्षेसाठी बॅटरीशिवाय थेट महावितरणच्या तारांना जोडलेली साधी ऑन-ग्रिड यंत्रणा भर उन्हातही आपोआप बंद पडते. ज्यांच्या वस्तीत वीज वारंवार जाते, त्यांनी बॅटरीवरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि निदान दोन पंखे व एक कूलर चालेल एवढी बॅटरी यांचा खर्च आधीच धरावा.